बायपास ठरल्यापासून छातीचं हाड जुळेपर्यंत

बायपासचा विषय निघाला की सगळ्यांचं लक्ष हृदयावर असतं. ब्लॉक किती, ग्राफ्ट (ब्लॉक ओलांडून रक्त नेण्यासाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या) किती, ऑपरेशनला किती तास लागले. खरं तर ऑपरेशन संपतं त्याच दिवशी हृदयाला नवीन वाटेने रक्त मिळायला लागलेलं असतं. वेळ लागतो तो छातीच्या मधोमध उभ्या कापलेल्या हाडाला आणि भुलीत आक्रसलेल्या फुफ्फुसांना. हृदयाचं काम सर्जन करून मोकळा होतो. हाड आणि फुफ्फुसं मात्र तुमच्या हवाली होतात. नंतरच्या बऱ्याच अडचणी इथेच उभ्या राहतात, म्हणून या लेखातही जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

हा लेख ठरवून केलेल्या बायपाससाठी आहे. हार्ट अटॅकमध्ये तातडीने टेबलावर घ्यावं लागलं तर तयारीचा भाग सोडून थेट आयसीयूपासून वाचा. आणि तुमच्या सर्जनने यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. तुमची अँजिओग्राफी त्यांनी पाहिलेली आहे.

हो म्हणण्याआधी

डाव्या मुख्य धमनीतच मोठा ब्लॉक असेल, तिन्ही धमन्या खराब असतील किंवा हृदयाची पंपिंग क्षमता कमी झाली असेल, तर बायपासचं पारडं स्टेंटपेक्षा जड होतं. मधुमेह असून अनेक धमन्यांत ब्लॉक असतील तर बायपास सरस ठरते, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रीडम या अभ्यासाने दाखवलं. एकाच धमनीत एखादा ब्लॉक असेल तर बहुतेकदा गोळ्या किंवा स्टेंटवर भागतं. मधल्या, अटीतटीच्या केसमध्ये हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी मिळून अँजिओग्राफी पाहिली आहे का, हे सरळ विचारा. या प्रश्नाचा कोणाला राग येत नाही, आणि आला तर दुसरं मत घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

सर्जनला भेटताना प्रश्न कागदावर लिहून न्या. ग्राफ्ट कुठून घेणार, हा त्यातला सगळ्यात उपयोगी. छातीच्या आतल्या बाजूने जाणारी डावी धमनी, जिला डॉक्टर बोलताना ‘लिमा’ म्हणतात, हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला जोडली तर दहा वर्षांनंतरही दहांपैकी नऊ जणांत ती उघडी असते. पायाच्या शिरेचे ग्राफ्ट मात्र दहा वर्षांत साधारण निम्मे बंद तरी पडतात किंवा खराब तरी होतात. गंमत अशी की लिमाचा जोड आधीचा आहे. लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी तो १९६४ मध्ये केला. पायाची शीर वापरण्याची पद्धत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी १९६७ पासून रुळवली. आज बहुतेक पेशंटना एक लिमा आणि बाकी पायाच्या शिरा, अशी जोडी मिळते. काही ठिकाणी मनगटाची धमनीही वापरतात. ती काढणार असतील तर त्या हाताला सलाईनची सुई टोचू देऊ नका.

दुसरा प्रश्न: माझ्या बाबतीत धोका किती टक्के? वय, किडनी, फुफ्फुसं, पंपिंग असं सगळं घालून हा आकडा काढण्याची सोय सर्जनकडे असते. ‘काळजी करू नका’ हे त्याचं उत्तर नव्हे. हार्ट-लंग मशीनवर (म्हणजे हृदय थांबवून, त्याचं काम तेवढा वेळ मशीनकडे देऊन) करणार की चालत्या हृदयावर, हेही विचारा, पण त्यावर अडून बसू नका. ज्या पद्धतीत सर्जनचा हात बसला आहे, तीच तुमच्यासाठी बरी.

आधीचे दोन ते चार आठवडे

गोळ्यांपासून सुरुवात करा. घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, अगदी सांधेदुखीची आणि काढ्या-चूर्णाचीसुद्धा, यादीत लिहा आणि कोणती कधी बंद करायची ते डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी ॲस्पिरिन बहुतेकदा चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आणि प्रासुग्रेल ७ दिवस आधी थांबवतात. टिकाग्रेलॉर किमान ३ दिवस आधी. वॉरफरिनसारखी गोळी असेल तर तिचं गणित वेगळं. मधुमेहाच्या ज्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात (नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं) त्या ३ ते ४ दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं, आणि तेही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना. ही गोळी यादीतून हमखास निसटते. मात्र यातलं काहीही स्वतःहून थांबवायचं नाही. स्टेंट असलेल्या माणसाने रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद केली तर ऑपरेशनच्या आधीच अटॅक येऊ शकतो.

सिगारेट, विडी आजच बंद. चार आठवडे मिळाले तर उत्तम, दोन मिळाले तरी दोन.

तपासण्यांमध्ये रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), गरजेनुसार मानेच्या धमन्यांची डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि फुफ्फुसांची चाचणी असते. हिमोग्लोबिन कमी असेल आणि हाताशी वेळ असेल तर ते आधी वाढवून घेणं शहाणपणाचं. रक्त चढवावं लागण्याची शक्यता त्याने कमी होते. झडपेचं ऑपरेशनही सोबत असेल तर दात तपासून घ्या. किडक्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात.

स्पायरोमीटर, म्हणजे तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र, आताच हातात घ्या. ऑपरेशननंतर दुखऱ्या छातीने पहिल्यांदा शिकायला बसलं की ते धड जमत नाही.

घरातली तयारी किरकोळ वाटते, पण नंतर तीच वाचवते. पलंग आणि खुर्ची अशा उंचीची हवी की हात न टेकता उठता येईल. खुर्ची खोल आणि मऊ नको. संडासात बैठक उंच असावी. रोजच्या वापराच्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणून ठेवा. कपडे पुढून उघडणारे घ्या, डोक्यावरून घालायचे नकोत. स्त्रियांनी पुढून हुक लागणारी, तारा नसलेली, चांगला आधार देणारी ब्रा आणून ठेवावी. स्तनांचं वजन जखमेला दोन्ही बाजूंनी ओढत राहतं आणि आधार मिळाला की दुखणं लक्षात येण्याइतकं कमी होतं. हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं.

आदला दिवस आणि टेबलावरचे तास

जंतुनाशक साबणाने अंघोळ सांगितली जाते. छाती-पायावरचे केस हॉस्पिटलात मशीनने काढतात. घरी ब्लेड फिरवून येऊ नका; न दिसणाऱ्या कापांतून जंतू शिरतात. दागिने, कवळी, नेलपॉलिश काढून ठेवा. उपाशी किती वेळ राहायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. एक काम विसरू नका: घशात नळी असताना बोलता येणार नाही, म्हणून घरच्यांशी दोन-तीन खुणा ठरवून ठेवा. दुखतंय, तहान लागली आहे, लिहायला कागद द्या.

आत काय घडतं ते थोडक्यात. पूर्ण भूल दिल्यावर छातीचं हाड करवतीने उभं कापतात, लिमा मोकळी करतात, त्याच वेळी दुसरा सर्जन पायाची शीर काढतो. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात आणि रक्ताभिसरण मशीनकडे सोपवतात. अशा मशीनवर पहिलं यशस्वी ऑपरेशन जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी केलं. पोटॅशियमयुक्त द्रावणाने हृदय थांबवतात, एकेक जोड बारीक धाग्याने शिवतात, मग रक्त पुन्हा सोडलं की हृदय बहुतेक वेळा आपणहून धडधडू लागतं. शेवटी हाडाचे दोन भाग स्टीलच्या तारांनी आवळतात. चालत्या हृदयावरच्या पद्धतीत हृदय थांबवत नाहीत, जोडाच्या जागेपुरतं स्थिर धरतात.

या सगळ्याला ३ ते ६ तास लागतात आणि भूल, नळ्या, आयसीयूत हलवणं हा वेळ वेगळा. बाहेर बसलेल्यांनी घड्याळाकडे पाहून तर्क लढवू नयेत. उशिराचं कारण पुष्कळदा आधीच्या पेशंटमध्ये असतं. घरातल्या एकानेच डॉक्टरांशी बोलायचं आणि बाकीच्यांना कळवायचं, एवढं ठरवून टाका.

आयसीयूत पहिल्यांदा पाहाल तेव्हा

चेहरा सुजलेला, अंग गार, तोंडात नळी, मानेत सुई, छातीतून दोन-तीन जाड नळ्या, लघवीची नळी आणि पोटाच्या वरच्या भागातून बाहेर आलेल्या बारीक तारा. या तारा गरज पडल्यास तात्पुरत्या पेसमेकरला जोडण्यासाठी असतात. दृश्य घाबरवणारं आहे, पण हे सगळं अपेक्षितच असतं. सगळं सुरळीत असेल तर काही तासांत व्हेंटिलेटर निघतो, एक-दोन दिवसांत छातीच्या नळ्या निघतात आणि पाच ते सात दिवसांत माणूस घरी जातो.

दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान हृदयाचे ठोके अनियमित आणि वेगाने पडू लागणं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, साधारण तिघा-चौघांपैकी एकाला होतं. बहुतेकांचं ते औषधांनी जागेवर येतं. ‘ऑपरेशन फसलं’ असा त्याचा अर्थ नाही. दुसरी गोष्ट वयस्कर पेशंटची: रात्री भ्रम होतो, माणसं ओळखू येत नाहीत, नळ्या ओढल्या जातात. अशा वेळी वाद घालू नका. चष्मा आणि श्रवणयंत्र लगेच द्या, आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे शांतपणे पुन्हापुन्हा सांगा, दिवसा जागं आणि रात्री अंधारात ठेवायला सांगा. काही दिवसांत हे उतरतं.

फुफ्फुसं उघडायची कशी

ऑपरेशनच्या वेळी फुफ्फुसांचा खालचा भाग मिटतो, कफ साठतो, आणि दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो. मग ताप, दम, न्यूमोनिया. यावर औषधापेक्षा श्वासाचाच उपाय चालतो.

स्पायरोमीटर बहुतेक लोक उलटं वापरतात, म्हणजे फुंकतात. ते ओढायचं यंत्र आहे.

१. पाठ सरळ करून बसा. दुखत असेल तर वेदनाशामक घेऊन अर्ध्या तासाने सुरुवात करा. दुखणं सहन करून श्वास आखडता घेण्यात शौर्य नाही.
२. नेहमीसारखा श्वास सोडा, मग नळी ओठांत घट्ट धरा.
३. सावकाश, खोल श्वास आत ओढा. तिन्ही चेंडू झटक्यात उडवणं हा पराक्रम नव्हे. एक-दोन चेंडू जितका वेळ वर तरंगतील तितकं चांगलं.
४. तीन ते पाच सेकंद श्वास धरा, नळी काढून हळू सोडा.
५. चक्कर येऊ नये म्हणून प्रत्येक श्वासानंतर थांबा. असे दहा श्वास, जागे असाल तेव्हा दर तासाला.

त्यानंतर खोका. घट्ट उशी किंवा घडी केलेला टॉवेल दोन्ही हातांनी छातीशी कवटाळा आणि मग मोठ्याने दोनदा खोका. एका जोरदार खोकल्याने हाडावर येणारा ताण काही किलो वजन उचलण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून उशी सोडायची नाही. शिंक आणि हसू यांनाही हाच नियम. खोकल्याने टाके उसवतील या भीतीने खोकला दाबणारे पेशंट फिजिओला सगळ्यात जास्त त्रास देतात, आणि नंतर स्वतःलाही.

हाडाचं घड्याळ

कापलेलं हाड धरायला सहा ते आठ आठवडे लागतात, पक्कं व्हायला साधारण बारा. मधुमेह, लठ्ठपणा, तंबाखू यांनी हा काळ लांबतो आणि जखमेत जंतू शिरण्याची भीती वाढते. तारा हाडाला जागेवर धरतात, पण हाडाचे दोन भाग एकमेकांवर घसरायला लागले तर त्याच तारा हाड कापत जातात. म्हणून मूळ नियम एकच: दोन्ही बाजूंवर सारखा ताण, आणि कोपरं अंगाजवळ. एका हाताने ओढणं, ढकलणं, मागे हात नेऊन काही घेणं, यांत छातीच्या एकाच बाजूला हिसका बसतो.

वजनाची मर्यादा ठिकठिकाणी २ ते ५ किलोंच्या दरम्यान सांगतात. पाण्याची भरलेली बादली याच्या तिप्पट-चौपट असते. नातवंड उचलणं, जड दार एका हाताने ओढणं, घट्ट झाकण पिळून उघडणं, गॅसचा सिलिंडर सरकवणं, हे सगळं बंद. नातवंड मांडीवर कोणी आणून बसवलं तर हरकत नाही.

पलंगावरून उठणं दिवसातून दहा वेळा होतं, तेव्हा ते नीट शिकून घ्या. आधी दोन्ही गुडघे वाकवा. उशी किंवा दोन्ही हात छातीशी धरून, खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवत कुशीवर या. पाय पलंगाखाली सोडा. पायांच्या वजनाने धड आपोआप वर यायला लागतं. खालच्या बाजूच्या कोपराचा अगदी हलका आधार घ्या. बसल्यावर मिनिटभर थांबा, नाहीतर चक्कर येते. खुर्चीतून उठताना पुढे सरका, पावलं मागे घ्या, हात छातीशी, पुढे झुका आणि मांड्यांच्या जोरावर उभे राहा. सोबतच्याने काखेत हात घालून किंवा हाताला धरून ओढायचं नाही. प्रेमापोटी होणारी ही चूक सगळ्यात महाग पडते. पाठीला किंवा कमरेला आधार द्या.

हात मात्र अगदी बांधून ठेवू नका. केस विंचरणं, तोंड धुणं, खांदे गोल फिरवणं चालू ठेवा. तेवढंही केलं नाही तर खांदे आखडतात, आणि ते दुखणं जखमेपेक्षा जास्त दिवस टिकतं.

छातीत ‘कट’ असा आवाज येणं किंवा खोकताना हाड सरकल्यासारखं वाटणं हे ताबडतोब सांगण्यासारखं लक्षण आहे. उद्याच्या तपासणीची वाट पाहू नका.

घरी आल्यावर

झोप पहिले काही आठवडे पाठीवर, डोक्याखाली थोडी उंची देऊन. जखम रोज पाहा. पाठ-मान वळवून नीट दिसत नाही, म्हणून सोबतच्याने पाहावी आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. लाली कालच्यापेक्षा वाढली का, हे आठवणीपेक्षा फोटो खरं सांगतो. सौम्य साबण आणि पाण्याने हलकेच धुऊन टिपून कोरडी करा. सांगितल्याशिवाय मलम, हळद, तेल, पावडर काही नको.

ज्या पायाची शीर काढली तो सुजतो, घोट्याजवळ बधिरपणा राहतो. बसताना पाय उंच ठेवा, तिढी घालून बसू नका. डाव्या छातीवरचा बधिरपणा लिमा काढल्यामुळे येतो आणि महिनोन्महिने राहू शकतो.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. दिवसात एक किलोहून जास्त किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वाढलं तर ती चरबी नव्हे, शरीरात साठलेलं पाणी आहे.

चालणं हेच औषध. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, सपाट जागेवर. दर एक-दोन दिवसांनी मिनिटभर-दोन मिनिटं वाढवत सहा आठवड्यांत सलग अर्ध्या तासापर्यंत पोचायचं. चालताना बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी थकवा उतरला नसेल तर काल जास्त झालं.

भूक लागत नाही, तोंडाला चव नसते, झोप तुटते, पोट साफ होत नाही, आणि विनाकारण रडू येतं. यातलं बरंचसं चार ते सहा आठवड्यांत निवळतं. दोन आठवडे सलग उदासच वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. संडासला जोर लावू नका, आधीच सारक मागून घ्या.

गोळ्यांपैकी ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन जन्मभरासाठी असतात. ग्राफ्ट उघडे ठेवण्याचं काम त्याच करतात, आणि ‘आता तर बरं वाटतंय’ म्हणून सगळ्यात आधी त्याच बंद केल्या जातात. दुखलं म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेऊ नका. बायपासनंतर या जातीच्या गोळ्या हृदयाला आणि किडनीला धोक्याच्या असतात. झडप बसवली असेल आणि वॉरफरिन चालू असेल तर आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते पाहणाऱ्या तपासणीची, तारीख चुकवू नका.

तातडीने हॉस्पिटल गाठायचं ते केव्हा: छातीत दाब किंवा पूर्वीसारखीच कळ, आडवं पडल्यावर दम, चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं किंवा बोबडी वळणं. त्याच दिवशी फोन करायचा ते केव्हा: ३८ अंश सेल्सिअसवर (१००.४ फॅरनहाइट) ताप, जखमेतून पू किंवा गढूळ पाणी, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, ठोके बेताल पडणं, काळा संडास. घरच्यांनी हे फ्रिजच्या दारावर लिहून लावावं, सोबत वॉर्डचा फोन नंबर.

सहाव्या ते बाराव्या आठवड्यात

गाडी चालवणं साधारण सहा आठवड्यांनंतर, डॉक्टरांनी पाहून हो म्हटल्यावर. दुचाकीला त्याहून उशीर, कारण तोल सावरताना हाताला हिसका बसतो. मधल्या काळात मागच्या सीटवर बसा. पट्टा लावायचाच, पट्टा आणि छाती यांच्यामध्ये छोटी उशी ठेवायची. बैठं काम सहा ते आठ आठवड्यांत सुरू होतं, अंगमेहनतीचं तीन महिन्यांनी. शरीरसंबंधांबद्दल विचारायला लोक लाजतात: दोन जिने न थांबता, दम न लागता चढता आले की हृदय तयार आहे. फक्त हातांवर भार येणार नाही असं पाहा.

कार्डियाक रिहॅब, म्हणजे हृदयाच्या पेशंटना देखरेखीखाली व्यायाम करवून घेणारं केंद्र, जवळपास असेल तर नाव घाला. देखरेखीखालच्या व्यायामाने पुढच्या वर्षांतला धोका कमी होतोच, शिवाय किती जोर लावला तर चालतो याची भीती तिथेच मोडते.

छातीतल्या तारा जन्मभर आतच राहतात. एमआरआय करायची वेळ आली तर त्या सहसा आड येत नाहीत, पण तंत्रज्ञाला बायपास झाल्याचं आधी सांगा. बारीक माणसाला त्यांची टोकं कातडीखाली हाताला लागतात. ती टोचत नसतील तर तशीच राहू द्या. टोचत असतील तर हाड पक्कं जुळल्यावर छोट्या ऑपरेशनने काढता येतात.